घट, तोटी आणि इनामगावची मडकी

न्यायशास्त्रात घट हा हमखास येणारा दृष्टांत. कपाल हे समवायी कारण. कुंभार, चाक, दंड ही निमित्त कारणं. सगळं ठीक. पण तो घट केवढा, तोंड रुंद की अरुंद, आत पाणी की ज्वारी, हे आमचे नैयायिक कधी विचारत नाहीत. पुरातत्त्वज्ञ नेमकी तिथूनच सुरुवात करतात.

ग्रीकांच्या 'हायड्रिया'ला तीन कान असतात बघा. दोन आडवे, भरलेली घागर उचलायला. एक मागे उभा, पाणी ओतायला. म्हणजे काम आकारातच लिहिलेलं!

आता आपल्याकडे या. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या सांकळिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी तिथे उत्खनन केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती. तिथली उत्तम भांडी 'जोर्वे' पद्धतीची; नाव संगमनेरजवळच्या गावावरून पडलेलं. चाकावर घडवलेली, लाल, वर काळ्या रेघांची नक्षी. इतकी पक्की भाजलेली की टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात.

यातलं खास भांडं तोटीचं. तोंड पसरट, खांद्यावर लांब नळी, आणि कान नाहीच. म्हणजे धरायचं ते मानेला. पातळ पदार्थ बेताबेतानं ओतायचा, हे तोटी सांगते. पदार्थ कोणता, ते सांगत नाही. इराणातल्या तोट्यांशी याचं साम्य दाखवून सांकळियांनी तिकडचा संबंध सुचवला होता. मला विचाराल तर, बारीक धार हवी असली की कुठलाही कुंभार तोटीपर्यंत पोचेल. नुसत्या साम्यावरून संबंध सिद्ध होत नाही.

पण आकारावर फार विसंबूनही चालत नाही. इनामगावात घरांच्या जमिनीखाली राखाडी मडक्यांच्या जोड्या सापडल्या, तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या. आत लहान मुलांची हाडं. ही मडकी सुटी मिळाली असती, तर 'साठवणीची' अशी चिठ्ठी लावून आपण मोकळे झालो असतो. ती कशासाठी होती, हे कळलं ते ठेवण्याच्या रीतीवरून आणि जागेवरून. ग्रीसमध्येही तान्ह्या मुलांना 'अँफोरा'त पुरत. एरवी तेल आणि दारू भरायचं भांडं ते. मोठी माणसं इनामगावात बहुधा साध्या खड्ड्यात पुरलेली, पावलं तोडून. मूल मात्र घरातच, मडक्यात, रोजच्या वावराच्या जमिनीखाली.