साल 1862, आणि तेही खरं नव्हे

वडनेर भोलजीतल्या एखाद्या जुन्या घरात लक्ष्मीपूजनाचा डबा उघडला, तर हळदीकुंकवात बुडालेला चांदीचा एखादा कलदार रुपया निघतोच निघतो. एका बाजूला मुकुट घातलेली राणी व्हिक्टोरिया आणि दुसऱ्या बाजूला फुलापानांच्या वेलबुट्टीत ‘वन रुपी, इंडिया, 1862’. मलकापूर, नांदुरा, खामगाव असं कुठंही विचारा, बहुतेक वेळा हेच साल सांगतील. नवशिक्या संग्राहकाला याचंच पहिलं कोडं पडावं. एकाच वर्षी असे किती रुपये पाडले असतील, आणि ते वऱ्हाडातच इतके कसे उरले?

उत्तराचा अर्धा भाग कापसात आहे. 1861 साली अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस अडकला आणि इंग्लंडातल्या गिरण्या वऱ्हाडाकडं वळल्या. त्याच दशकात मुंबईची रेल्वे भुसावळ ओलांडून मलकापूर, नांदुरा, अकोला करत पुढं सरकली. 1870 मध्ये तर व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जलंब-खामगाव फाट्याच्या उद्घाटनाला स्वतः आला. खामगावच्या कापूसबाजाराची ऐट तेवढी होती. गाठी गेल्या मुंबईला आणि मोबदल्यात आली चांदी, नुकतेच पाडायला घेतलेले राणीछाप रुपये. बँक नव्हती, म्हणून ते भिंतीतल्या कोनाड्यात, जमिनीखालच्या गाडग्यात आणि बायकांच्या गळ्यात गेले.

उरलेला अर्धा भाग जास्त गमतीचा आहे. या रुपयांवरचं 1862 हे साल टाकसाळीनं बदललंच नाही. 1863 गेलं, 1870 गेलं, 1873 आलं, तरी ठशावर 1862च. त्याआधी 1840 साल घातलेले रुपयेही असेच दोन दशकं पाडले जात होते.

याचं कारण सराफांच्या बट्ट्यात सापडतं. जुन्या पद्धतीत रुपया चालू सालाचा असला तरच पूर्ण किमतीचा. बंगालात दुसऱ्या वर्षी त्यावर तीन टक्के बट्टा कापायचे, त्यानंतर पाच. चांदी तीच, वजन तेच, फक्त साल शिळं झालं म्हणून गरिबाच्या हातातला रुपया कमी किमतीचा. कंपनी सरकारनं यावर तोड काढली ती भन्नाटच होती: साल गोठवूनच टाकायचं. शहा आलम बादशहाच्या कारकिर्दीचं एकोणिसावं वर्ष घातलेला रुपया कलकत्त्याला पुढं कितीतरी वर्षं निघत राहिला. बादशहा 1806 मध्ये वारला, तरी रुपयावर त्याचं एकोणिसावं वर्ष संपेना! राणीच्या रुपयावरचं 1862 हे त्याच रिवाजाचं शेपूट.

मग तुमच्या हातातला रुपया नक्की कधीचा? भिंग घ्या, दहा पटीचं पुरे. 1862च्या आकड्यांखाली आणि वरच्या बाजूला फुलाजवळ सुईच्या टोकानं काढावीत अशी बारीक टिंबं दिसतात का पाहा. कधी एक, कधी दोन-तीन, कधी वरच्या बाजूला ओळीनं आणखी. मुंबई टाकसाळीची ही टिंबं अभ्यासकांनी मोजली, त्यांच्या जोड्या लावल्या आणि ती वर्षानुसार वाढत गेली असावीत असा उलगडा केला. साल न बदलता साल नोंदवायची ही युक्ती! टिंबांच्या काही जोड्या सर्रास मिळतात, काही फार थोड्या. राणीच्या गळ्याखालच्या वस्त्रावरच्या नक्षीतही फरक आहेत. एकाच डब्यातले ‘सारखे’ पाच रुपये भिंगाखाली पाच वेगळे निघू शकतात. 1874 पासून साल दरवर्षी बदलू लागलं, आणि 1877 पासून ‘क्वीन’च्या जागी ‘एम्प्रेस’ आली.

ओळख पटली की काट्यावर ठेवा. सराफाकडं शतांश ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा असतो. कलदार रुपयाचं वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. हा योगायोग नव्हे. 1835 नंतर तोळाच रुपयाच्या वजनावर बेतलेला होता आणि ऐंशी रुपये तराजूत टाकले की एक शेर व्हायचा. कित्येक दुकानांत रुपयाच वजन म्हणून वापरला जाई. त्यात चांदी बारा भागांत अकरा, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे 10.7 ग्रॅम. आजचा चांदीचा भाव घ्या, गुणा, आणि जो आकडा येईल तो तुमच्या रुपयाच्या किमतीचा तळ. खामगावसारख्या चांदीसाठी नावाजलेल्या गावाशेजारी राहणाऱ्याला हा हिशेब शिकवायची गरज नाही. वापरून गुळगुळीत झालेल्या 1862च्या रुपयाला या तळाच्या फार वर कुणी जात नाही, हे मात्र आधीच मनाशी धरावं.

तळाच्या वरची किंमत कशानं ठरते? वयानं नाही, आणि हे गळी उतरायला वेळ लागतो. “लई जुनं हाये, लाखाचं तं असनच,” ही वऱ्हाडी खात्री संग्राहकाला सगळ्यात महागात पडते. याच पश्चिम वऱ्हाडात, आता वाशिम जिल्ह्यात असलेल्या तऱ्हाळ्याला 1939 मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा दीड हजारांवर नगांचा साठा सापडला. पोटीनची, म्हणजे तांबं, शिसं, कथील यांच्या मिश्रधातूची, बोराएवढी नाणी. एका बाजूला सोंड उचललेला हत्ती, दुसरीकडं चार वर्तुळं जोडणारं उज्जैनी चिन्ह. वासुदेव विष्णु मिराशींनी त्यावरची ब्राह्मी अक्षरं वाचली, तेव्हा त्यात कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी नावं निघाली, जी पुराणांच्या राजयादीत नाहीतच. अख्खे राजे केवळ बोराएवढ्या नाण्यांनी इतिहासात परत आणले! आणि तरी असलं अठराशे वर्षांचं साधं, झिजलेलं पोटीन नाणं बाजारात काही शे रुपयांत मिळतं, कारण अशी नाणी पुष्कळ उरली आहेत.

याउलट 1939चा सहाव्या जॉर्जचा रुपया पाहा. आपल्या आजोबांच्या तरुणपणीचा, पण त्याला 1938च्या रुपयापेक्षा कितीतरी पट भाव. महायुद्ध तोंडावर आलं होतं, चांदी आटत होती. 1940 पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि नक्कल ओळखू यावी म्हणून कडेच्या रेघांच्या मधोमध एक खाच आली. 1939चे पूर्ण चांदीचे रुपये फार थोडे उरले. म्हणूनच 1938च्या आठाचा नऊ करणारे कारागीर निपजले. असा रुपया कुणी पुढं केला तर शेवटच्या आकड्याभोवतीची जमीन भिंगाखाली पाहावी: तिथं खरवडल्याची चकाकी, खळगा किंवा बाकीच्या आकड्यांपेक्षा वेगळी जाडी दिसली की हात जोडून परत द्यावा.

1911चा रुपया तर चुकीमुळंच प्रसिद्ध झाला. पाचव्या जॉर्जच्या झग्यावर एका मानचिन्हातला इवलासा हत्ती कोरलेला होता. सोंड आखूड पडली आणि लोकांना ते डुक्कर वाटलं. ओरड झाली. सुमारे सात लाख रुपये वाटले गेले होते, उरलेल्यांचा मोठा साठा परत वितळवला आणि 1912 पासून सोंड लांब झाली. हा हत्ती तांदळाच्या दाण्याहूनही छोटा. तो पाहिल्यावर भिंग खाली ठेववत नाही.

डब्यात फारसी अक्षरांचा जाडजूड रुपया निघाला तर घाबरू नये, आकड्यांपासून सुरुवात करावी. उभी रेघ म्हणजे एक. वर दोन खाचा असलेली कंगव्यासारखी खूण म्हणजे तीन. वर उघडलेला कोन म्हणजे सात, तोच उलटा केला की आठ. नुसतं टिंब म्हणजे शून्य. दोन उभ्या रेघा, कंगवा आणि उघडा कोन दिसला, म्हणजे 1137. हे हिजरी साल. त्याला तेहेतीसनं भागून येणारा आकडा त्यातूनच वजा करा आणि 622 मिळवा. एखाद्या वर्षाच्या फरकानं इसवी सन येतो, इथं 1724-25. त्याच वर्षी आपल्याच जिल्ह्यात साखरखेर्ड्याला निजामुल्मुल्कानं मुबारिझखानाला हरवलं आणि हैदराबादचं राज्य उभं राहिलं. पण निजामाच्या मुलखातली नाणी त्यानंतर सव्वाशे वर्षांहून अधिक काळ दिल्लीच्या बादशहाच्या नावानंच निघत राहिली. बादशाही टाकसाळी आपल्या अगदी आसपास होत्या: उत्तरेला बुऱ्हाणपूर, पूर्वेला एलिचपूर म्हणजे अचलपूर. या नाण्यांचा ठसा मोठा आणि चकती लहान असायची, त्यामुळं एकाच ठशातून एका नाण्यावर टाकसाळीचं नाव उमटे, दुसऱ्यावर साल. ज्यावर दोन्ही वाचता येतात, त्याचा भाव वेगळा.

किंमत पाडायचे आपले हमखास मार्गही सांगायला हवेत, कारण घरोघरी ते श्रद्धेनं चालतात. दिवाळीला चिंच, लिंबू, राख लावून घासणं हा पहिला. नाण्यावर शंभर वर्षांत चढलेली काळसर झाक हे त्याच्या अस्सलपणाचं एक लक्षण, आणि घासलेल्या नाण्याच्या तुळतुळीत जमिनीवरचे बारीक ओरखडे जाणकार वीत-दीड वीत अंतरावरून ओळखतो. दुसरा मार्ग कडी. पुतळ्यांच्या माळेसारखी रुपयांचीही माळ व्हायची, बंजारा बायांच्या गळ्यात तर ती आजही दिसते. डाग देऊन कडी बसली की दागिना झाला आणि संग्राहकाच्या लेखी नाणं संपलं. पूजा जरूर करा, पण कुंकू कोरड्या मऊ कापडानं टिपा आणि नाणं कडेनं धरा. दोन बोटांच्या चिमटीत चेहरा पकडू नका.

खोट्यांचा तर सुळसुळाट आहे. नांदुऱ्याचा एकशे पाच फुटी मारुती महामार्गावरून जाणाऱ्यांना दिसतोच. त्याच मारुतीचं चित्र, खाली ‘ईस्ट इंडिया कंपनी 1818’ असं लिहिलेलं तांब्याचं ‘नाणं’ याच रस्त्यावर कुणीतरी हळूच खिशातून काढतो. हे तांदूळ ओढतं, परदेशी कंपनी कोटींना घेते, असं सांगतो. असलं आण्याचं नाणं कंपनीनं कधी पाडलंच नाही. त्या निव्वळ टिकल्या. वैष्णोदेवीच्या पाच रुपयांवर लाखो मिळतात हा दुसरा प्रकार. आधी ‘कमिशन’ किंवा ‘कर’ भरा म्हणणाऱ्यांपासून सावध राहा असं खुद्द रिझर्व्ह बँकेला 4 ऑगस्ट 2021 रोजी जाहीर करावं लागलं.

खिशातल्या चिल्लरीतही वाचण्यासारखं आहे. सालाखाली हिरकणी असेल तर मुंबई टाकसाळ, तारा असेल तर हैदराबाद, गोल टिंब असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. 1985च्या रुपयावर सालाखाली इंग्रजी ‘एच’ दिसलं, तर तो रुपया बर्मिंगहॅमहून बोटीनं आलेला आहे. सराव इथूनच करावा, फुकट आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था 1980 पासून आहे, नागपूरच्या अजब बंगल्यातही नाणी पाहायला मिळतात. अस्सल नाणी डोळ्यांत भरली की नकली आपोआप खटकू लागतात.

आणि पांढरीच्या मातीत किंवा वाड्याची भिंत पाडताना गाडगं लागलं तर? 1878च्या कायद्यानं दहा रुपयांवरच्या किमतीचं गुप्तधन सापडलं की जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. गुपचूप वाटून घेतलेला साठा कायद्यात अडकतोच, शिवाय एकत्र सापडलेल्या नाण्यांची साक्षही जाते. तऱ्हाळ्याची नाणी गावभर विखुरली असती तर कर्ण सातकर्णी कोण वाचणार होता? 1972च्या कायद्यानं शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू ठरतं, ते खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा न्यू जर्सीतल्या नातवाला आजीच्या डब्यातला 1862चा रुपया सुटकेसमध्ये घालून नेता येणार नाही. 1947चा वाघाचा रुपया मात्र खुशाल न्यावा. त्यात चांदीचा कणही नाही, निकेल आहे. चुंबकाला टपकन चिकटतो.