ट्रोपोनिन निगेटिव्ह आलं, तरी डॉक्टर ‘थांबा’ का म्हणतात?

छातीत दुखतं म्हणून तुम्ही घरच्या माणसाला दवाखान्यात आणता. ईसीजी निघतो, रक्ताची ट्रोपोनिन चाचणी होते. रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि सगळ्यांना हायसं वाटतं. पण डॉक्टर म्हणतात, “काही तासांनी पुन्हा रक्त तपासू, तोवर घरी नेऊ नका.” उगाच खर्च वाढवताहेत, असं अनेक नातेवाइकांना वाटतं. दुसरी चाचणी का लागते, हे कळण्यासाठी ट्रोपोनिन म्हणजे काय ते आधी पाहू.

स्नायू आखडतो कसा?

हातापायाच्या आणि हृदयाच्या स्नायूंत दोन प्रकारचे अतिसूक्ष्म तंतू असतात. ॲक्टिनचे पातळ आणि मायोसिनचे जाड. स्नायू आखडताना हे तंतू स्वतः आखूड होत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात, असं १९५४ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ ह्यू हक्सले आणि जीन हॅन्सन यांनी मांडलं. त्याच वेळी अँड्र्यू हक्सले आणि रॉल्फ नीडरगर्क यांनीही स्वतंत्रपणे तेच दाखवलं. विहिरीतला दोर हातोहात ओढावा, तसं मायोसिन ॲक्टिनला ओढतं.

ही ओढाओढ थांबलीच नाही, तर स्नायू सैल होणार नाही आणि हृदयात रक्त भरणार नाही. मग तिला आवर कोण घालतं?

एबाशींचा शोध

याचं उत्तर जपानमधल्या टोकियो विद्यापीठाचे औषधशास्त्रज्ञ सेत्सुरो एबाशी (१९२२–२००६) यांनी शोधलं. कॅल्शियम आलं की स्नायू आखडतो आणि ते दूर झालं की सैल पडतो, असं ते सांगत होते. इतकं साधं कॅल्शियम एवढं मोठं काम करत असेल, हे तेव्हाच्या अनेक शास्त्रज्ञांना पटत नव्हतं. पण १९६५ साली एबाशी आणि त्यांच्या सहकारी अयाको कोडामा यांनी कॅल्शियम ओळखणारं प्रथिन वेगळं काढलं. त्याचं नाव ट्रोपोनिन.

ट्रोपोनिन हे ॲक्टिनच्या तंतूवर बसवलेल्या कडीसारखं आहे. कॅल्शियम आलं की कडी निघते आणि मायोसिनला ॲक्टिन धरता येतं. कॅल्शियम गेलं की कडी पुन्हा लागते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला हे घडतं.

मग ते रक्तात कसं येतं?

ट्रोपोनिनचे तीन भाग आहेत: सी, आय आणि टी. यातले हृदयातले आय आणि टी हे हातापायाच्या स्नायूंतल्या आय आणि टीपेक्षा वेगळे असतात. हृदयाच्या पेशींना इजा झाली, की ते रक्तात उतरतात. १९८९ मध्ये जर्मनीत ह्यूगो काटुस यांच्या गटाने ट्रोपोनिन टी मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. २००० साली युरोप आणि अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी हार्ट अटॅकच्या व्याख्येत ट्रोपोनिनला मुख्य स्थान दिलं.

त्याआधी सीपीकेसारख्या चाचण्यांवर भिस्त होती. पण दिवसभर अंगमेहनत केली, मार लागला किंवा स्नायूत इंजेक्शन घेतलं, तरी सीपीके वाढतं. शेतात राबणाऱ्या माणसाच्या बाबतीत त्यामुळे घोळ होई. ट्रोपोनिनमुळे तो बराच कमी झाला.

पहिला रिपोर्ट फसवा का असू शकतो?

रक्तवाहिनी बंद झाली, की लगेच ट्रोपोनिन वाढत नाही. पेशींना इजा होऊन ते रक्तात पुरेसं उतरायला वेळ लागतो. लहान दवाखान्यांतल्या कार्ड टेस्टवर ते दिसायला साधारण ३ ते ६ तास लागू शकतात. मोठ्या रुग्णालयांतल्या अतिसंवेदनशील चाचणीत ते लवकर कळतं, पण तिथेही बहुधा ती पुन्हा करावी लागते. दुखायला लागून तासभरच झाला असेल, तर निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबून घरी जाणं जिवावर बेतू शकतं.

उलट, पॉझिटिव्ह म्हणजे दरवेळी हार्ट अटॅकच असं नाही. किडनीचा आजार, गंभीर जंतुसंसर्ग, हृदयाच्या स्नायूला सूज किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ, यांतही ट्रोपोनिन वाढतं. म्हणून डॉक्टर लक्षणं, ईसीजी आणि चाचणीतला चढउतार एकत्र पाहतात.

तुम्ही काय करायचं?

- दुखणं किती वाजता सुरू झालं ते लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना आधी तेच सांगा. रिपोर्टचा अर्थ त्यावर ठरतो.
- छातीवर दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, दरदरून घाम, दम लागणं, यांना ‘गॅस’ समजून सोडा पिऊन वाट पाहू नका. मधुमेही, वयस्कर आणि स्त्रियांमध्ये छातीत दुखण्याऐवजी नुसता दम किंवा थकवाही असू शकतो.
- केळझर-सेलू परिसरातून सेवाग्राम किंवा सावंगी गाठायलाही वेळ जातो. १०८ ला फोन करा. रुग्णाला चालवू नका, मोटरसायकलवर बसवू नका.
- ईसीजीत मोठा अटॅक दिसला, तर ट्रोपोनिनच्या रिपोर्टसाठी थांबायचं नसतं. गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी जितकी लवकर, तितका हृदयाचा स्नायू वाचतो.
- पुढच्या रुग्णालयात पाठवलं, तर पहिला ईसीजी आणि रक्ताचा रिपोर्ट वेळेसह सोबत न्या.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. त्रास होत असेल तर ताबडतोब डॉक्टरांना दाखवा.)