इंग्रजी भाषेची विविधता, परिवर्तन आणि संपादन : परीक्षेतील निबंधांची पूर्वतयारी व कोल्हापूर परिसरातील भाषिक सामग्री

प्रस्तावना :

इंग्रजीच्या पदवी व पदव्युत्तर वर्गांत भाषाविज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना भाषेची विविधता, भाषेतील परिवर्तन आणि भाषेचे संपादन या तीन घटकांवर दीर्घोत्तरी प्रश्न येतात. वाङ्मयाच्या प्रश्नपत्रिकेत बऱ्यापैकी उत्तरे लिहिणारा विद्यार्थीही येथे अडखळतो. त्याच्या उत्तरात व्याख्या असतात, विल्यम लॅबॉव्ह, पीटर ट्रडगिल, नोम चॉम्स्की ही नावे असतात, सन असतात. परंतु एका विधानातून दुसरे विधान का निघते, हे मात्र त्यात आढळत नाही. उत्तर पाठ केलेले असते आणि ते तसे दिसतेही.

याचे कारण केवळ आळस नव्हे. न्यूयॉर्कमधील दुकानात 'आर'चा उच्चार कोण करतो, याविषयी विद्यार्थ्याच्या कानाला काहीच अनुभव नसतो. ज्या गोष्टीचा कानाला अनुभव आहे, ती त्याची स्वतःची बोली; आणि ती अशुद्ध आहे असे त्याला शाळेपासून ऐकवण्यात आलेले असते. कोणतीही बोली भाषावैज्ञानिक दृष्टीने हीन नसते, असे वाक्य तो उत्तरपत्रिकेत लिहितो आणि त्यावर त्याचा स्वतःचा विश्वास नसतो. प्रस्तुत लेखात या विसंगतीकडे लक्ष वेधून, कोल्हापूर परिसरातील भाषिक सामग्रीच्या आधारे या निबंधांची तयारी कशी करवून घेता येईल, याचे विवेचन केले आहे.

'मी आलो' म्हणणारी स्त्री :

कळंबा हे कोल्हापूर शहराच्या दक्षिणेस गारगोटी मार्गावर वसलेले गाव. शहर वाढत वाढत तलावापर्यंत आले. त्यामुळे येथे मूळ गावकऱ्यांची बोली, नव्या वसाहतींतील नोकरदारांची मराठी आणि भुदरगड, राधानगरीकडून येणाऱ्या विद्यार्थ्यांचे बोलणे एकाच बसथांब्यावर ऐकू येते. विविधतेवरील निबंधाची तयारी या थांब्यावरून सुरू करणे शक्य आहे.

कोल्हापूर परिसरातील अनेक स्त्रिया स्वतःविषयी बोलताना 'मी आलो', 'मी जातो' अशी रूपे वापरतात. प्रमाण मराठीत तेथे 'मी आले', 'मी जाते' अपेक्षित असते. पुण्यामुंबईत या रूपांची थट्टा होते, आणि महाविद्यालयात आलेली मुलगी काही महिन्यांतच मैत्रिणींशी एक व शिक्षकांशी दुसरे रूप वापरू लागते. येथे लॅबॉव्ह यांची संकल्पना आयती हाती येते. एकाच अर्थाची दोन रूपे आणि त्यांतील निवड वक्त्याच्या सामाजिक स्थानाशी व बोलण्याच्या औपचारिकतेशी निगडित, म्हणजेच भाषिक चल. लॅबॉव्ह यांनी १९६२ मध्ये न्यूयॉर्कमधील तीन वेगवेगळ्या दर्जाच्या दुकानांत विक्रेत्यांना अशा वस्तूंची चौकशी केली की उत्तर 'फोर्थ फ्लोअर' असेच यावे. नंतर न ऐकल्यासारखे करून तेच पुन्हा वदवून घेतले. दुकान जितके उच्चभ्रू तितका 'आर' अधिक, आणि दुसऱ्या, सावध उच्चारात तो आणखी वाढलेला. 'मी आलो' व 'मी आले' यांतील ये-जा ज्या विद्यार्थिनीने स्वतः अनुभवली आहे, तिला हा प्रयोग पाठ करावा लागत नाही.

मात्र समांतर उदाहरण दाखवून थांबणे पुरेसे नाही. निबंधात गुण मिळतात ते स्पष्टीकरणाला. स्त्रिया 'मी आलो' का म्हणतात? पुरुषांचे अनुकरण हे उत्तर सुचते, पण ते टिकत नाही. कारण याच स्त्रिया दुसरीविषयी बोलताना 'ती आली' असेच म्हणतात. लिंगभेद पुसला गेला आहे तो प्रथमपुरुषापुरता. त्याची निदान दोन स्पष्टीकरणे संभवतात. पहिले संपर्काचे : कन्नडमध्ये प्रथमपुरुषी क्रियारूपात लिंगभेद नाही, पुरुषही 'नानु बंदे' म्हणतो आणि स्त्रीही. कागल, गडहिंग्लजच्या बाजूला कन्नडचा शेजार जुना आहे. दुसरे अंतर्गत : प्रमाण मराठीतही प्रथमपुरुषी अनेकवचनात लिंगभेद नाही, स्त्रिया व पुरुष दोघेही 'आम्ही आलो' म्हणतात. अनेकवचनाचा हा नमुना एकवचनात पसरला, असे मानल्यास बाहेरच्या भाषेला बोलावण्याची गरज उरत नाही. दोन्ही कारणांनी मिळून काम केले असणेही शक्य आहे. निर्णय करायचा तर कन्नडपासून दूर असलेल्या गावांत हे रूप कितपत आढळते, हे पाहावे लागेल. विद्यार्थ्याने एवढा विचार कागदावर उतरवला, तर त्याने भाषाविज्ञानाची पद्धतच आत्मसात केली असे म्हणता येईल.

प्रश्न इंग्रजीवर असल्याने येथून इंग्रजीकडे परतणे आवश्यक आहे, आणि वाट सोपी आहे. इंग्रजी क्रियापदाला प्रथमपुरुषात लिंगभेद मुळातच नाही. त्यामुळे कोल्हापूरच्या स्त्रीचे वाक्य सदोष ठरवणाऱ्याला इंग्रजी व्याकरण कसे चालते, असा प्रश्न विचारता येतो. रूपांचे असे समतलीकरण इंग्रजीतही विपुल आहे. अनेक इंग्रजी बोलींत 'आय वॉज'प्रमाणे 'वी वॉज' म्हटले जाते. 'यू वॉज' हे रूप अठराव्या शतकात सुशिक्षितांच्या लेखनातही येत असे. रॉबर्ट लौथ यांनी १७६२ च्या व्याकरणात त्याचा निषेध केला आणि पुढे ते अशिक्षितपणाचे लक्षण बनले. रूप तेच राहिले, त्याची प्रतिष्ठा तेवढी बदलली. प्रमाणभाषा ही सामाजिक निवड असते, हे दाखवण्यास याहून नेटके उदाहरण क्वचित सापडेल.

लिंगभेदाचाच आणखी एक पुरावा जवळ आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी सांगलीजवळील कुपवाड येथील कन्नड, मराठी, उर्दू व तेलुगू यांच्या संपर्काचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध केला आणि हे गाव जगभरच्या भाषाविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत गेले. शतकानुशतकांच्या बहुभाषिकतेमुळे शब्द वेगळे राहिले, परंतु वाक्यरचना इतक्या जुळत गेल्या की एका भाषेतील वाक्याचे शब्दागणिक दुसरीत रूपांतर करता यावे. कन्नडमध्ये अचेतन नामे नपुंसकलिंगी; त्या वळणावर तेथील मराठीत 'नदी आली'ऐवजी 'नदी आलं' आणि उर्दूत 'नदी आई'ऐवजी 'नदी आया' अशी रूपे नोंदवली गेली. या सिद्धान्ताचे पुनर्परीक्षण सोनल कुलकर्णी-जोशी यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात केले आहे. इंग्रजीवर नॉर्स व नॉर्मन फ्रेंच यांचा प्रभाव सांगताना कुपवाडचा उल्लेख करणारा विद्यार्थी शब्दांची उसनवारी आणि रचनेतील अभिसरण यांतील भेद सहज मांडू शकतो. कोल्हापूरपासून पन्नासएक किलोमीटरवरील हे गाव आपल्या वर्गांत मात्र फारसे पोहोचलेले नाही, याचे नवल वाटते.

परिवर्तन : 'काय करायलैस?' :

परिवर्तनावरील उत्तरांत स्वरांचे महास्थित्यंतर, कॅक्स्टनचे १४७६ चे मुद्रणालय, जॉन्सनचा १७५५ चा कोश ही यादी ठरलेली असते. यादी चुकीची नाही. पण बदल घडतो कसा, हे तीतून कळत नाही. त्यासाठी कोल्हापुरी प्रश्न 'काय करायलैस?' उपयोगी पडतो. 'काय करायला लागला आहेस' या रचनेचा हा संक्षेप असे मानता येते. मूळ 'लागणे'मध्ये आरंभाचा अर्थ होता. आता तासभर काम करीत बसलेल्यालाही हाच प्रश्न विचारतात. आरंभ विरून गेला आणि केवळ चालू क्रियेचा बोध उरला. अर्थ फिका होताच उच्चारही आखडला. हीच व्याकरणीभवनाची प्रक्रिया होय. इंग्रजीत 'गोइंग टू' प्रथम प्रत्यक्ष जाण्याचा वाचक होता, पुढे भविष्यकाळाचा झाला आणि बोलण्यात त्याचा 'गॉना' झाला. येथील सूक्ष्म भाग असा की संक्षेप फक्त भविष्यार्थी वापरात होतो. 'मी शाळेला चाललो आहे' या अर्थाने 'आय ॲम गॉना स्कूल' असे कोणीही म्हणत नाही. उच्चारातील झीज आळसातून येत नाही, ती व्याकरणाच्या शिस्तीत होते.

परिवर्तनाविषयीच्या वृत्ती हा स्वतंत्र प्रश्न म्हणूनही येतो. त्यासाठी शिवकालीन राज्यव्यवहारकोश हाताशी आहे; फारसी-अरबी राजकीय शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा तो प्रयत्न होता. इंग्रजीत सोळाव्या शतकात लॅटिन शब्दांच्या उसनवारीविरुद्ध सर जॉन चीक यांनी अशीच भूमिका घेतली होती. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन केलेले माधवराव पटवर्धन, म्हणजेच कवी माधव जूलियन, हे फारसीचे पंडित आणि मराठीत गझल रुजवणारे. पुढे त्यांनीच भाषाशुद्धीचा हिरिरीने पुरस्कार केला. एकाच व्यक्तीत दोन्ही वृत्ती नांदू शकतात, हे विद्यार्थ्यांना या उदाहरणातून सांगता येते.

संपादन :

संपादनाचा घटक तुलनेने सोपा, कारण जवळपास प्रत्येक घरात लहान मूल असते. 'केलं' हे रूप आधी बरोबर उच्चारणारे मूल काही काळाने 'करलं' म्हणू लागते आणि नंतर पुन्हा 'केलं'वर येते. पालकांना ही पिछेहाट वाटते. वस्तुतः मुलाला नियम सापडल्याची ती खूण आहे. इंग्रजी मूलही 'वेन्ट'नंतर 'गोएड' म्हणते आणि मग परत फिरते. 'करलं' हे रूप घरात कोणी म्हणत नसेल, तर ते अनुकरणाने आले असे म्हणता येत नाही. स्किनर यांच्या वर्तनवादी मताविरुद्ध चॉम्स्की यांनी १९५९ मध्ये घेतलेल्या आक्षेपाचा आशय येथे मुलाच्या तोंडून ऐकू येतो. जीन बर्को यांनी १९५८ मध्ये 'वग' या कल्पित प्राण्याचे चित्र दाखवून मुलांकडून त्याचे अनेकवचन काढून घेतले, तेही याचसाठी : कधीही न ऐकलेल्या शब्दाचे रूप पाठांतरातून येऊ शकत नाही. विद्यार्थ्यांनी महिनाभर धाकट्या भावंडाच्या अशा रूपांची वही ठेवली, तर उत्तरात लिहायला स्वतःची सामग्री मिळते. अट एवढीच की एका मुलावरून सर्व मुलांविषयी विधान करू नये.

द्वितीय भाषेच्या संपादनासाठी विद्यार्थी स्वतःच अभ्यासविषय आहे. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीच्या वर्गात इंग्रजी आले. आजच्या विद्यार्थ्यांची पिढी त्यातूनच घडली. ऱ्हस्व-दीर्घ 'इ'च्या उच्चारात मराठीत काटेकोर भेद पाळला जात नसल्याने 'शिप' आणि 'शीप' एकच ऐकू येतात. इंग्रजीतील दंतमूलीय 'टी' मराठी कानाला 'ट' वाटतो. हे मातृभाषेच्या प्रभावाचे दोष. परंतु 'कम्ड'सारखे रूप मराठीतून आलेले नाही. इंग्रजी मूलही ते वापरते. लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये मांडलेली आंतरभाषेची संकल्पना या दोन प्रकारच्या रूपांना एकाच चौकटीत आणते.

सामग्री गोळा करताना आणि उत्तर तपासताना :

स्थानिक उदाहरणाचा एक धोका आहे. तीन उदाहरणे मराठीची आणि इंग्रजीचे एकही नाही, असे उत्तर प्रश्नाला सोडून जाते. मराठीने समज द्यावी, पुरावा इंग्रजीचा असावा. परीक्षेच्या वेळेत एक स्थानिक उदाहरण पुरते. दुसरा धोका सामग्रीचाच. आजीसमोर मोबाईल धरून ध्वनिमुद्रण सुरू केले की 'मी आलो' म्हणणारी आजी 'मी आले' म्हणू लागते. लॅबॉव्ह यांनी यालाच निरीक्षकाचा विरोधाभास म्हटले : न पाहता लोक कसे बोलतात, हे पाहूनच शोधावे लागते. लपून मुद्रण करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. आधी परवानगी घ्यावी आणि शेताच्या, लग्नाच्या, जुन्या पुराच्या गोष्टी निघू द्याव्यात. बोलणारी व्यक्ती रंगली की सावधपणा आपोआप सुटतो.

राहिला प्रश्न परीक्षकाचा. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' हे वाक्य व्याकरणाच्या पत्रिकेत चूक म्हणून कापले जाते आणि भाषाविज्ञानाच्या पत्रिकेत भारतीय इंग्रजीचे वैशिष्ट्य म्हणून त्याच्या उल्लेखाला गुण दिले जातात. ब्रज काच्रू यांच्या विवेचनानंतर भारतीय इंग्रजीला स्वतंत्र प्रकार म्हणून मान्यता मिळाली असली, तरी तपासणाऱ्या हाताला तिची सवय झालेली नाही. विद्यार्थ्याला हा विरोध जाणवतो आणि तो विचारतोही. निबंध प्रमाण इंग्रजीत लिहायचा, कारण त्या प्रसंगाचा तो संकेत आहे. आणि निबंधात ज्या इंग्रजीचे वर्णन करायचे ती संकेतापलीकडची आहे, असे उत्तर त्याला वर्गात मिळायला हवे. तपासतानाही या दोन गोष्टींचे गुण वेगळे धरावेत. सध्या बहुतेक ठिकाणी ते एकाच आकड्यात मिसळतात, आणि 'वी वॉज'विषयी अचूक विवेचन करणाऱ्या उत्तराचे गुण त्यातील एखाद्या गाळलेल्या 'द'पायी कमी होतात.