तापलेलें एंजिन आणि उडणारें पेट्रोल

मे महिन्याची दुपार. जुन्या मुंबई-पुणें रस्त्यानें एक जुनी, पण जिव्हाळ्यानें जपलेली अँबॅसडर खोपोली सोडून खंडाळ्याचा घाट चढूं लागते. आरंभीं सारें सुरळीत असतें. पुढें मालवाहू गाड्यांची रांग लागते, वेग मंदावतो, एंजिन आचके देतें आणि ऐन वळणावर गाडी उभी राहते. मागून कर्णे वाजूं लागतात, आंत मुलें उकाड्यानें कासावीस होतात, आणि चालक चोक ओढून स्टार्टर पुन्हां पुन्हां फिरवितो. बॅटरी संपते, गाडी मात्र हालत नाहीं. टांकींत पेट्रोल आहे, ठिणगीहि ठीक आहे. मग बिघडलें काय?

याचें उत्तर पेट्रोलाच्या स्वभावांत आहे. पेट्रोल हा पाण्यासारखा एकच पदार्थ नव्हे. तें शेंकडों हायड्रोकार्बनांचें मिश्रण आहे. त्यांतील हलके घटक सुमारें ३५ ते ४० अंश सेंटिग्रेडलाच उकळूं लागतात, तर जड घटकांना २०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. थंड सकाळीं एंजिन चटकन् चालू होतें, तें या हलक्या घटकांच्याच कृपेनें. पेट्रोलाचा फवारा हवेंत मिसळून त्याची वाफ करविणें हेंच कार्ब्युरेटरचें काम. तेव्हां पेट्रोल उडणें हा दोष नव्हे. तें नको त्या ठिकाणीं उडणें हा दोष.

उकळण्याच्या क्रियेंत दाबाचाहि मोठा हात असतो. कुकरांत दाब वाढतो, म्हणून पाणी १०० अंशांच्या पुढें जाऊं शकतें. उलट महाबळेश्वरासारख्या उंच ठिकाणीं हवेचा दाब कमी, म्हणून तें सुमारें ९५ अंशांवरच उकळतें. मोटारीच्या इंधननळींत हा दुसरा प्रकार घडतो. पुष्कळ जुन्या गाड्यांत टांकी मागें असते आणि पंप पुढें एंजिनाला चिकटून. पंप पेट्रोल ओढतो तेव्हां नळींतील दाब घटतो, आणि आधींच ऊन झालेलें पेट्रोल तेथेंच उकळतें. पंपांतील पडदा द्रव ढकलण्यासाठीं केलेला. वाफ आली कीं ती नुसती दबते आणि फुगते, पुढें सरकत नाहीं. परिणामीं एंजिन उपाशी पडतें. यालाच ‘व्हेपर लॉक’, म्हणजे वाफेचा अडसर म्हणतात.

दुसरा विकार याच्या अगदीं उलट आहे. गाडी घाट चढून येते आणि चहासाठीं दहा-पंधरा मिनिटें थांबते. एंजिन बंद होतांच पंखा थांबतो, पाण्याचें अभिसरण थांबतें. पण लोखंडांतील उष्णता कोठें जाणार? अँबॅसडरच्या जुन्या पेट्रोल एंजिनांत कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूस असल्यामुळें ती थेट कार्ब्युरेटरकडे चढते. त्याच्या वाटींतील पेट्रोल उकळून जेटमधून एंजिनांत सांडतें. येथें एंजिन उपाशी नसतें, तर त्याला अजीर्ण झालेलें असतें.

लक्षण एकच, गाडी चालू होत नाहीं. पण रोग दोन, आणि म्हणूनच उपचारहि दोन. चालत्या गाडीनें आचके देऊन मान टाकली आणि पेट्रोलाचा वास नसला, तर वाफेच्या अडसराचा संशय घ्यावा. गाडी बाजूस घ्यावी, बॉनेट उघडावें, अर्धा तास धीर धरावा. पंपावर व नळीवर पिळलेलें ओलें फडकें ठेवल्यास, माठांतील पाणी ज्या न्यायानें गार होतें त्याच न्यायानें तीं निवतात. विश्रांतीनंतर गाडी अडली आणि पेट्रोलाचा वास दरवळत असला, तर चोकला हातहि लावूं नये. ॲक्सिलरेटर एकदां तळापर्यंत दाबून तसाच धरावा, पंपासारखा हलवूं नये, आणि स्टार्टर फिरवावा; जास्तीचें पेट्रोल हवेबरोबर निघून जातें. मात्र कोठें पेट्रोल ठिबकत असेल, तर स्टार्टरला स्पर्शहि करूं नये. कोणत्याहि प्रसंगीं तापलेल्या एंजिनावर पाणी ओतूं नये, रेडिएटरचें झांकण उघडूं नये आणि जवळ काडी ओढूं नये.

कायमचा उपाय घरीं, प्रवासापूर्वींच करावयाचा असतो. इंधननळी एक्झॉस्टपासून दूर वळवावी. कार्ब्युरेटरखालीं उष्णता रोखणारी बेकेलाइटची जाड चकती आणि मध्यें पत्र्याचा आडोसा असावा. रेडिएटर साफ, पंख्याचा पट्टा ताठ आणि ठिणगीची वेळ बरोबर असावी. ठिणगी उशिरां पडली तर एक्झॉस्ट अधिक तापतो. टांकीच्या झांकणाचें श्वासछिद्र बुजलेलें नसावें, नाहींतर नळींतील दाब आणखीच घटतो. सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे टांकीजवळ बसविलेला, कार्ब्युरेटरला सोसेल इतक्याच दाबाचा विजेचा पंप. तो पेट्रोल ओढीत नाहीं, ढकलतो; त्यामुळें नळींत दाब राहतो व उकळी दूर जाते. आधुनिक मोटारींत टांकींतच पंप असतो आणि दाबहि पुष्कळ असतो, म्हणून त्यांना हा त्रास सहसा होत नाहीं.

अलीकडे यांत एक भर पडली आहे. २०२५ पासून देशांत सर्वत्र मिळणाऱ्या पेट्रोलांत सुमारें २० टक्के इथेनॉल असतें. शुद्ध इथेनॉल ७८ अंशांवर उकळतें. तरी मूळ पेट्रोल तेंच असल्यास त्याच्या मिश्रणानें वाफ होण्याची प्रवृत्ति वाढते. शिवाय जुन्या धाटणीच्या रबरी नळ्या त्यानें फुगतात व चिरतात. चिरलेली नळी आणि तापलेला एक्झॉस्ट यांचा शेजार म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून अँबॅसडरसारखी जुनी गाडी घाटांत नेण्यापूर्वीं तिच्या सर्व नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या करून घ्याव्यात. या कामाला थोडे पैसे लागतात. पण गाडींत मुलेंबाळें बसावयाचीं असतात, हें मालकानें विसरूं नये.