शंभरपैकी किती?

मणका मोडून मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णाचे नातेवाईक आधी विचारतात, ‘डॉक्टर, चालेल ना?’ लघवीचे कोणी विचारत नाही. अशा रुग्णाचे रोजच्या व्यवहारातील स्वावलंबन मोजणारी शंभर गुणांची पट्टी इस्रायलच्या डॉक्टरांनी १९९७ साली प्रसिद्ध केली. तीत जेवण, अंघोळ, कपडे वगैरेंना २० गुण. कूस बदलण्यापासून जिना चढण्यापर्यंतच्या हालचालींना ४०. आणि श्वास, लघवी, शौच यांना तब्बल ४०! हे वाटप मला पटते. लघवी तुंबत राहिली तर मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पट्टीच्या तिसऱ्या आवृत्तीत कायमची नळी बसवलेल्यास लघवीचे शून्य गुण. ठरावीक वेळी स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामे करणाऱ्याचे गुण मात्र एकही पाऊल न टाकता वाढतात. हात चालत असतील, तर हे शिकता येते. रुग्णालयातून घरी जाण्यापूर्वीच शिकून घ्या.