तेल गळतेय? आधी इंजिनाचा 'श्वास' तपासा

बारामती - हौसेने नटवलेल्या बुलेटच्या इंजिनातून तेल झिरपू लागले, की पॅकिंग बदलायचे, त्यावर सिलिकॉनचा लेप द्यायचा आणि तेही टिकले नाही तर 'हाफ इंजिन' काढायचे, हा गॅरेजमधील नेहमीचा क्रम. मात्र, दोष अनेकदा पॅकिंगचा नसतो आणि रिंगांचाही नसतो. इंजिनातील कोंडलेली हवा बाहेर सोडणारी 'ब्रीदर' ही साधी नळी तुंबलेली, दुमडलेली किंवा फेरबदल करताना बंद केलेली असते. ती न तपासता इंजिन उघडल्यास खर्च होतो. गळती मात्र थांबत नाही.

पिस्टनच्या खाली क्रँक ज्या बंद पेटीत फिरतो, तिला क्रँककेस म्हणतात. पिस्टन खाली येतो तेव्हा या पेटीतील हवा दाबली जाते. जुन्या बुलेट ३५० च्या इंजिनाचा बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९० मिलिमीटर आणि क्षमता ३४६ सीसी. मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या वेगाने इंजिन चालताना पिस्टन सेकंदाला ५० वेळा खाली येतो आणि प्रत्येक वेळी सुमारे ३५० मिलिलिटर हवा ढकलतो. शिवाय रिंगांच्या फटीतून थोडा जळका वायूही खाली उतरतो. या दोहोंना वाट देणे, हे ब्रीदरचे काम. त्यात एकाच दिशेने उघडणारी झडप असते. हवा बाहेर जाते. पण परत आत येत नाही. त्यामुळे क्रँककेसमध्ये किंचित निर्वात राहतो आणि तेल आतच टिकते. ही वाट बंद झाली, की दाब पॅकिंग आणि ऑइल सीलमधून तेलासह मार्ग काढतो.

फेरबदलात नेमके काय बिघडते?

३५० च्या इंजिनावर ५०० चा बोअर-पिस्टन चढविला, की बोअर ८४ मिलिमीटर आणि क्षमता ४९९ सीसी होते. म्हणजे ढकलली जाणारी हवा सुमारे ४४ टक्क्यांनी वाढते. नळी मात्र जुनीच, तेवढ्याच तोंडाची राहते. दुसरी चूक एअर फिल्टरची. नव्या रचनेच्या गाड्यांत ब्रीदरची नळी एअर बॉक्सला जोडलेली असते आणि ही वाफ पुन्हा इंजिनात जाळली जाते. एअर बॉक्स काढून उघडा फिल्टर बसविला, की नळी लोंबकळत राहते किंवा तिच्या तोंडात बोल्ट ठोकला जातो. तिसरी चूक तेल साठविणाऱ्या डबीची. ब्रीदरला जोडलेल्या डबीला हवा जाण्यासाठी छिद्रच ठेवले नाही, तर नळी बंद केल्यासारखेच होते.

असा दोष बारामतीच्या बाजारपेठेत फिरताना किंवा गाळप हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागून भवानीनगरपर्यंत धिम्या गतीने जाताना जाणवत नाही. इंदापूर गाठून पुणे-सोलापूर महामार्गावर अखंड वेग धरला, की इंजिनाच्या फेऱ्या वाढतात, दाब वाढतो आणि गळती सुरू होते. गावात कोरडे आणि महामार्गावर तेलकट, हे लक्षण दिसले तर पहिला संशय ब्रीदरवर घ्यावा.

तपासणीचा क्रम

१. तेलाची पातळी : जुन्या बुलेटमध्ये तेलाची टाकी इंजिनाच्या ओतीव भागातच असते. गाडी बरेच दिवस उभी राहिल्यास टाकीतील तेल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये उतरते आणि इंजिन सुरू करताच ब्रीदरमधून बाहेर पडते. त्यामुळे इंजिन काही मिनिटे चालवून मगच पातळी पाहावी. थंड इंजिनात पातळी कमी दिसली म्हणून तेल ओतले, तर ते जास्त होते.

२. नळी : ती पूर्ण काढून पाहावी. धुळीत मुरलेले तेल, दुमड, उन्हाने चिकटलेले रबर किंवा कुंभारमाशीने बांधलेले मातीचे घर, यांपैकी काहीही आढळू शकते. नवी नळी मूळ नळीहून अरुंद नसावी.

३. झडप : इंजिन चालू असताना नळीच्या तोंडाशी पातळ प्लॅस्टिकचा तुकडा धरावा. तो केवळ बाहेरच्या बाजूस फडफडला, तर झडप ठीक. आत-बाहेर ओढला जात असेल, तर रबर ताठरले आहे, असे समजून झडप बदलावी.

४. रिंगा : नळी मोकळी आणि झडप नवी असूनही धूर जोरात येत असेल, तरच रिंगांकडे वळावे. कॉम्प्रेशन गेजने दाब मोजावा. प्लगच्या छिद्रातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावा. दाब वाढला, तर रिंगा किंवा बोअर झिजले आहेत. वाढला नाही, तर व्हॉल्व्ह तपासावेत.

डबीत दह्यासारखा पांढरा साका दिसला, की अनेक जण घाबरतात. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात कूलंट नसतेच. थोड्या अंतराच्या फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापत नाही आणि वाफेचे पाणी तेलात मिसळून हा साका होतो. तो पुन्हा इंजिनात ओतू नये.

सुरक्षितता आणि कायदा

नळी चढती ठेवून डबीपर्यंत न्यावी. मध्ये झोळ राहिल्यास तेथे तेल-पाणी साचते. नळीचे तोंड मागच्या चाकासमोर कधीही ठेवू नये. टायरवर पडलेले थोडेसे तेलही वळणावर गाडी घसरविण्यास पुरेसे असते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील बदलेल असा फेरबदल करता येत नाही. ३५० चे ५०० केल्यास नोंदविलेली घनक्षमताच बदलते. अशा बेकायदा फेरबदलासाठी २०१९ च्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. त्यामुळे इंजिनाची क्षमता मूळचीच ठेवून ब्रीदरची वाट मोकळी ठेवणे, हाच वाहनधारकांसाठी स्वस्त आणि सुरक्षित मार्ग आहे.