धडधड थांबली, तरी कागद बोलला पाहिजे

बसल्या जागी एकाएकी छातीत धडधड सुरू होते. ठोके गळ्यापर्यंत जाणवतात, हातपाय गळून जातात. दहा मिनिटे, कधी तासभर हे चालते आणि जसे सुरू झाले तसेच झटकन थांबते. चेंबूरच्या रहदारीतून रिक्षा दवाखान्यापर्यंत पोहोचते तेव्हा नाडी पूर्ववत झालेली असते. ईसीजी नॉर्मल येतो. केसपेपरवर ‘छातीत धडधड’ किंवा ‘घाबरल्यासारखे वाटते’ एवढेच लिहिले जाते. महिन्याभराने पुन्हा तेच.

अशा आजारात डॉक्टरांसमोर पुरावा फार थोडा वेळ असतो. म्हणून त्या थोड्या वेळात कागदावर काय उमटले, यावर पुढचे उपचार आणि त्यांचा खर्च अवलंबून राहतो.

एक तक्रार, अनेक आजार

मोठ्या माणसाचे हृदय विश्रांतीत मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा पडते. ताप, रक्त कमी असणे, थायरॉइड, भीती यांमुळे ते वेगाने पडू शकते. पण हा वेग हळूहळू वाढतो आणि हळूहळू उतरतो. ‘एसव्हीटी’ या आजारात हृदयातील विजेचा प्रवाह चुकीच्या वाटेने गोल फिरू लागतो आणि ठोके एकदम १५०–२०० च्या घरात जातात. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये ठोके अनियमित पडतात आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. खालच्या कप्प्यातून उठणारी ‘व्हीटी’ जिवावर बेतू शकते. रुग्णाच्या तोंडी सगळ्यांचे नाव एकच, धडधड. उपचार मात्र वेगवेगळे. एसव्हीटीच्या बहुतेक रुग्णांत ती चुकीची वाट नळीवाटे जाळून (अ‍ॅब्लेशन) आजार कायमचा बरा करता येतो.

निदान चुकण्याचा फटका बायकांना अधिक बसतो. १९९७ मध्ये अमेरिकेत एसव्हीटीच्या १०७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांची लक्षणे पॅनिक डिसऑर्डर या मानसिक आजाराच्या निकषांत बसत होती, आणि निम्म्याहून अधिक जणांचा आजार पहिल्या तपासणीत ओळखला गेला नव्हता. ‘टेन्शन घेऊ नका’ हे वाक्य आपल्याकडच्या किती तरी ताईंनी ऐकले असेल.

शब्दावरून कोड, कोडवरून दावा

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या यादीत प्रत्येक आजाराला क्रमांक आहे. नुसत्या धडधडीचा आर ००.२, कारण न कळलेल्या वेगवान ठोक्यांचा आर ००.०. एसव्हीटीचा आय ४७.१, व्हीटीचा आय ४७.२, एट्रियल फिब्रिलेशनचा आय ४८. ‘आर’ने सुरू होणारे क्रमांक लक्षणांचे आहेत, ‘आय’चे रक्ताभिसरणाच्या आजारांचे. विम्याच्या दाव्यात रुग्णालयाने भरायच्या अर्जावर हाच कोड लागतो.

नवी मुंबईतल्या कंपन्यांत आपली काही मुले-मुली अमेरिकी रुग्णालयांचे मेडिकल कोडिंग करतात. त्यांना पहिला नियम शिकवतात तो असा की, डॉक्टरांनी लिहिले नसेल ते कोडरने गृहीत धरायचे नाही. तिथे बाह्यरुग्णाच्या कागदावर ‘बहुधा एसव्हीटी’ असे लिहिले असेल तर एसव्हीटीचा कोड लावता येत नाही. धडधडीचाच लावावा लागतो. आपल्याकडेही दावा तपासणारा माणूस रुग्णाला पाहत नाही, कागद पाहतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरलेल्या उपचारांना पूर्वमंजुरी लागते, तीही कागदपत्रे तपासूनच मिळते.

यावर उपाय म्हणून ‘डॉक्टर, मोठा कोड टाका’ असे कधीही म्हणू नये. खोट्या नोंदीने दावा अडकतो आणि पुढचे उपचारही चुकतात. खरी नोंद पूर्ण व्हावी, एवढाच आग्रह धरावा.

आपण काय करावे

१. झटका सुरू असतानाच ईसीजी निघाला पाहिजे. जवळ जे इस्पितळ किंवा दवाखाना असेल तिथे आधी ईसीजी काढून घ्या, मग मोठ्या रुग्णालयाचा विचार करा.

२. घरी बीपीचे मशीन असेल तर त्यावरील नाडीच्या आकड्याचा मोबाइलवर फोटो काढा. फोटोत वेळही नोंदली जाते.

३. वहीत लिहा: तारीख, सुरू झाल्याची व थांबल्याची वेळ, सुरुवात एकदम की हळूहळू, ठोके नियमित की वेडेवाकडे, चक्कर आली का, त्या वेळी काय करत होता.

४. इंजेक्शन देऊन ठोके थांबवले असतील तर त्या वेळची ईसीजीची पट्टी हा सर्वांत मोलाचा पुरावा. तिची प्रत मागा. ईसीजीचा कागद उष्णतेने उमटणारा असतो, काही महिन्यांत पुसट होतो. त्याच दिवशी झेरॉक्स व फोटो काढा.

५. ‘खूप वर्षांपासून होतंय’ असे मोघम सांगू नका. पहिला झटका कधी आला ते आठवून नेमके सांगा. ‘आधीपासूनचा आजार’ ठरवताना विमा कंपनी हीच नोंद पाहते.

६. डिस्चार्ज कार्ड हातात पडताच वाचा. निदान, नाडीचा दर, दिलेली औषधे आहेत का? नसतील तर तिथेच नम्रपणे विचारा. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र मदतीला असतो.

कागद मागणे हा हक्क

‘पेपर मिळत नाहीत’ असे ऐकून परत फिरू नका. रुग्णालयांना गोपनीयतेचे कारण देऊन केसपेपरच्या प्रती नाकारता येणार नाहीत, असे मुंबई उच्च न्यायालयाने रघुनाथ रहेजा प्रकरणात १९९६ मध्ये सांगितले. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाची नोंद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपावी लागते, आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यावी लागते. अर्ज लेखी करा, पोच घ्या. झेरॉक्सचा खर्च द्यावा लागू शकतो.

एक मात्र ध्यानात ठेवा. धडधडीसोबत छातीत दुखणे, धाप, चक्कर किंवा शुद्ध हरपणे असेल, तर वही-फोटो बाजूला ठेवून १०८ ला फोन करा. धडधड काही मिनिटांत थांबत नसेल तरीही घरी वाट पाहू नका. जुने ईसीजी आणि डिस्चार्ज कार्डे एकाच फायलीत, घरातल्या सगळ्यांना ठाऊक असलेल्या जागी ठेवा. म्हणजे निघताना शेजाऱ्यालाही ती हातात घेऊन येता येईल.